बेकारी भत्ता, चाइल्ड सपोर्ट आणि अमेरिकेतील आयकर : वाचकांचे प्रश्न

या अंकासाठी अमेरिकेतील मराठी वाचकांची जी पत्रे आली, त्यांतील अनेकांचा रोख एकाच गोष्टीकडे होता : नोकरी गेली, सरकारकडून भत्ता सुरू झाला, घटस्फोटानंतरचा चाइल्ड सपोर्ट (मुलाच्या पालनपोषणासाठी दुसऱ्या पालकाने द्यायची रक्कम) एका बाजूने येतो आहे किंवा दुसऱ्या बाजूने द्यावा लागतो आहे, आणि या सगळ्याचे रिटर्नमध्ये काय करायचे. त्यांतील चार पत्रे येथे घेतली आहेत. उत्तरांतील आकडे २०२५ या करवर्षाचे आहेत. त्याच्या रिटर्नची अंतिम तारीख १५ एप्रिल २०२६ ही.

प्रश्न : माझा घटस्फोट २०२१ मध्ये झाला. नऊ वर्षांचा मुलगा वर्षभर माझ्याजवळ असतो आणि घरखर्च मीच चालवते. मे २०२५ अखेर माझी नोकरी गेली. तोपर्यंत ४१,००० डॉलर पगार झाला होता व त्यातून ३,००० डॉलर फेडरल (केंद्र सरकारचा) कर कापला गेला होता. त्यानंतर राज्याकडून एकूण १९,००० डॉलर अनएम्प्लॉयमेंट, म्हणजे बेकारी भत्ता, मिळाले. त्यातून काहीही कापलेले नाही. मुलाचे वडील दरमहा १,१०० डॉलर चाइल्ड सपोर्ट देतात. मैत्रीण म्हणते की सरकारी मदतीवर कर नसतो. भाऊ म्हणतो की घरात आलेला प्रत्येक डॉलर दाखवावाच लागतो. मी कोणाचे ऐकू?
— एडिसन, न्यू जर्सी

उत्तर : दोघांचेही म्हणणे अर्धेच बरोबर आहे, आणि नेमके उलट्या बाजूंनी. आपल्याला मिळालेला बेकारी भत्ता फेडरल आयकराच्या दृष्टीने पूर्ण करपात्र उत्पन्न आहे, म्हणून १९,००० डॉलर दाखवावेच लागतील. चाइल्ड सपोर्टचे वर्षाचे १३,२०० डॉलर मात्र उत्पन्नच नव्हेत. ते रिटर्नवर कोठेही लिहायचे नाहीत, आणि रिटर्न भरणे बंधनकारक आहे की नाही हे ठरवतानाही ते मोजायचे नाहीत.

आपल्या मैत्रिणीचा समज अनेकांचा असतो आणि त्याला कारणही आहे. १९७९ पूर्वी या भत्त्यावर फेडरल कर नव्हता. त्या वर्षापासून ठरावीक मर्यादेपेक्षा अधिक उत्पन्न असणाऱ्यांच्या भत्त्याचा काही भाग करपात्र झाला, आणि १९८६ च्या करसुधारणा कायद्याने १९८७ पासून पूर्ण भत्ता करकक्षेत आला. पुढे मंदीच्या काळात २००९ सालापुरते पहिले २,४०० डॉलर करमुक्त केले गेले आणि कोविडच्या वर्षात, म्हणजे २०२० सालासाठी, दीड लाख डॉलरपेक्षा कमी उत्पन्न असलेल्यांना माणशी १०,२०० डॉलरपर्यंत सूट मिळाली. ही सूट लाखो घरांच्या अनुभवाची असल्याने ती मनात राहिली, पण ती त्या एका वर्षापुरतीच होती. २०२५ साठी अशी कोणतीही सवलत नाही.

आता आपला हिशेब मांडू. पगार व भत्ता मिळून उत्पन्न ६०,००० डॉलर होते. आपण अविवाहित आहात, घराच्या खर्चाचा निम्म्याहून अधिक वाटा उचलता आणि मुलगा आपल्याजवळ राहतो, म्हणून आपल्याला ‘हेड ऑफ हाउसहोल्ड’ म्हणून रिटर्न भरता येते. त्यासाठीची प्रमाणित वजावट, म्हणजे उत्पन्नातून सरसकट वजा होणारी रक्कम, २३,६२५ डॉलर आहे. ‘सिंगल’ म्हणून भरल्यास ती फक्त १५,७५० राहिली असती. घाईघाईने चुकीच्या चौकोनात खूण करून हा फरक घालवणारे लोक दर वर्षी दिसतात, म्हणून हे मुद्दाम सांगतो. वजावटीनंतर करपात्र रक्कम ३६,३७५ डॉलर उरते. पहिल्या १७,००० वर १० टक्क्यांनी १,७०० आणि उरलेल्या १९,३७५ वर १२ टक्क्यांनी २,३२५ असा एकूण ४,०२५ डॉलर कर होतो. त्यातून मुलासाठीचे २,२०० डॉलरचे ‘चाइल्ड टॅक्स क्रेडिट’ वजा केले की १,८२५ डॉलर उरतात, आणि पगारातून ३,००० आधीच कापले गेले असल्याने १,१७५ डॉलर आपल्याला परत मिळतील.

भत्त्यातून छदामही कापला गेलेला नसताना रिफंड कसा, असा प्रश्न आपल्या मनात येईल. मालक पगारातून कर कापतो तेव्हा हा पगार बाराही महिने याच दराने मिळणार आहे असे धरून कापतो. आपली नोकरी पाच महिनेच टिकली, म्हणून त्या पाच महिन्यांत कर जरुरीपेक्षा जास्त कापला गेला, आणि त्या जादा रकमेने भत्त्यावरचा कर भरून निघाला. हा दिलासा वर्षाच्या मध्ये नोकरी गेलेल्यांनाच मिळतो. ज्यांची नोकरी नोव्हेंबरमध्ये गेली आणि भत्ता पुढच्या वर्षीच्या मेपर्यंत चालला, त्यांच्याकडे त्या दुसऱ्या वर्षी पगारातून कापलेली काही शिल्लक नसते. त्यातच मे नंतर नवी नोकरी लागली तर त्या पगाराच्या भरीला भत्ता येऊन बसतो आणि एप्रिलमध्ये भरायची रक्कम अचानक समोर उभी राहते.

भत्त्याचा आणखी एक परिणाम फारसा कोणाच्या लक्षात येत नाही. कमी उत्पन्नाच्या श्रमिक कुटुंबांसाठी ‘अर्न्ड इन्कम टॅक्स क्रेडिट’ नावाची मोठी सवलत आहे. ती मिळण्यासाठी कामातून मिळवलेले उत्पन्न लागते, आणि बेकारी भत्ता त्यात धरला जात नाही. पण ती सवलत किती उत्पन्नानंतर बंद होते हे पाहताना मात्र भत्ता धरला जातो. एक मूल असलेल्या एकट्या पालकासाठी २०२५ ची ही मर्यादा ५०,४३४ डॉलर आहे. आपला पगार तिच्या आत होता; भत्ता मिळवल्यावर आपण तिच्या बाहेर गेलात, त्यामुळे ही सवलत आपल्याला मिळणार नाही. नोकरी गेलेल्या माणसाला हा नियम दोन्ही बाजूंनी मारतो, आणि तो अन्याय्य आहे असे माझे स्पष्ट मत आहे. तरीही आज नियम हाच आहे. चाइल्ड सपोर्ट मात्र या मर्यादेतही मोजला जात नाही.

राज्याच्या कराचे उत्तर आपल्यासाठी सोपे आहे : न्यू जर्सी बेकारी भत्त्यावर कर घेत नाही. कॅलिफोर्निया, पेनसिल्व्हेनिया आणि व्हर्जिनिया हीही राज्ये घेत नाहीत. टेक्सास, फ्लोरिडा, वॉशिंग्टन येथे तर पगारावर राज्याचा आयकरच नाही. न्यू यॉर्क आणि इलिनॉय घेतात. एडिसनहून रोज गाडीने मॅनहॅटनला जाणाऱ्या वाचकांनी येथे थोडे थांबावे. आपली गेलेली नोकरी न्यू यॉर्कमधील असेल, तर भत्ता त्या राज्याकडून येतो आणि त्या नोकरीपोटी मिळालेल्या भत्त्यावर न्यू यॉर्क आपल्याकडून अनिवासी म्हणून कर घेते. घर न्यू जर्सीत आहे म्हणून सुटका होत नाही.

भत्त्याचा फॉर्म म्हणजे १०९९-जी. जानेवारी अखेरपर्यंत तो तयार होतो, परंतु अनेक राज्ये तो टपालाने पाठवत नाहीत. बेकारी खात्याच्या संकेतस्थळावर आपल्या खात्यात जाऊन तो उतरवून घ्यावा लागतो. त्याच्या पहिल्या चौकोनात वर्षभराचा भत्ता असतो, चौथ्यात कापलेला फेडरल कर. दुसऱ्या चौकोनात काही आकडा दिसला तर तो भत्ता नसून राज्याने परत केलेला आधीच्या वर्षाचा आयकर असतो, आणि बरेच लोक दोन्हींची बेरीज करून मोकळे होतात. पहिल्या चौकोनातील रक्कम रिटर्नच्या ‘शेड्यूल १’ या पुरवणीच्या सातव्या ओळीवर जाते. आपण भत्ता घेतलाच नसेल आणि तरीही असा फॉर्म आला, तर आपल्या नावाने कोणीतरी खोटा दावा केलेला असू शकतो. ती रक्कम मुकाट्याने रिटर्नमध्ये न लिहिता राज्याच्या बेकारी खात्याकडे ताबडतोब तक्रार करून दुरुस्त फॉर्म मागावा.

पुढे पुन्हा कधी भत्त्याची वेळ आली, तर दावा दाखल करतानाच डब्ल्यू-४व्ही हा फॉर्म किंवा संकेतस्थळावरचा तोच पर्याय भरून १० टक्के कर कापून घ्यावा. दर १० टक्केच असतो. त्याहून कमी किंवा जास्त मागता येत नाही. हातातोंडाची गाठ पडत नसताना भत्त्यातून आणखी १० टक्के सोडणे जिवावर येते हे मी जाणतो, आणि एखाद्या आठवड्याला घरभाड्यासाठी तोच पैसा हवा असेल तर आधी भाडे भरावे. परंतु ज्यांना शक्य आहे त्यांनी हे जरूर करावे. ज्यांना १० टक्के पुरणार नाहीत, त्यांनी एप्रिल, जून, सप्टेंबर आणि जानेवारी या महिन्यांच्या १५ तारखांना अंदाजित कराचे हप्ते भरावेत. रिटर्न भरताना देणे १,००० डॉलरपेक्षा कमी निघाले, किंवा आधीच्या वर्षाच्या कराइतकी रक्कम वर्षभरात भरलेली असली, तर दंड लागत नाही. आधीच्या वर्षीचे उत्पन्न दीड लाखाच्या वर असेल तर मात्र त्या कराच्या ११० टक्के भरलेले असावे लागतात.

आरोग्य विम्याबद्दल आपण विचारलेले नाही, तरी एक वाक्य जोडतो. नोकरीबरोबर विमा गेला आणि आपण सरकारी बाजारपेठेतून अनुदानित विमा घेतला असेल, तर त्याच्या उत्पन्नात बेकारी भत्ता धरायचा आणि चाइल्ड सपोर्ट धरायचा नाही. २०२६ पासून जादा मिळालेले अनुदान परत करण्याची कमाल मर्यादा रद्द झाली आहे, म्हणून उत्पन्नाचा अंदाज कमी सांगण्याचा मोह टाळावा.

प्रश्न : २०२२ च्या घटस्फोटाच्या आदेशाप्रमाणे मी मुलीसाठी दरमहा १,४०० डॉलर चाइल्ड सपोर्ट देतो. ती आईकडे राहते. माझ्याकडे एकाआड एक शनिवार-रविवार आणि सुट्टीत येते. ऑगस्टमध्ये माझी नोकरी गेली. कॅलिफोर्नियाचा कमाल भत्ता, आठवड्याला ४५० डॉलर, मंजूर झाला, पण त्यातून ११२ डॉलर चाइल्ड सपोर्टसाठी परस्पर कापले जातात आणि हातात ३३८ येतात. मग कर मी ३३८ वरच द्यायचा ना? शिवाय मुलीचा खर्च मी करतो, तेव्हा तिला माझ्या रिटर्नवर दाखवता येईल का? आदेशात ‘एकाआड एक वर्षी वडिलांनी दावा करावा’ असे लिहिलेले आहे.
— फ्रीमाँट, कॅलिफोर्निया

उत्तर : आपल्या पत्रातील पहिला प्रश्न मला या सर्व पत्रांमध्ये सर्वांत महत्त्वाचा वाटतो, कारण बेकारी भत्ता आणि चाइल्ड सपोर्ट यांचे दोन वेगळे नियम येथे एकमेकांना भिडतात आणि माणूस त्यांच्या मध्ये सापडतो. कर ४५० वरच द्यावा लागेल. कापलेले ११२ डॉलर कायद्याच्या दृष्टीने आधी आपल्याला मिळाले आणि मग आपण ते मुलीसाठी दिले, असे मानले जाते. देणाऱ्याला चाइल्ड सपोर्टची वजावट मिळत नाही आणि घेणाऱ्याला त्यावर कर लागत नाही, हा नियम पैसे आपण स्वतः बँकेतून पाठवा किंवा सरकारने परस्पर कापून घ्यावेत, दोन्ही वेळी सारखाच लागू होतो. म्हणून २६ आठवड्यांचा पूर्ण भत्ता घेतला तर आपल्या हातात ८,७८८ डॉलर आलेले असतील, पण करपात्र भत्ता ११,७०० असेल. त्यांतील जे आठवडे २०२५ मध्ये पडले त्यांची पूर्ण रक्कम या वर्षीच्या १०९९-जी वर येईल, उरलेली पुढच्या वर्षी. न पाहिलेल्या २,९१२ डॉलरवर, आपण १२ टक्क्यांच्या टप्प्यात असाल तर सुमारे ३५० डॉलर, आणि २२ टक्क्यांच्या टप्प्यात असाल तर सुमारे ६४० डॉलर कर पडेल. कॅलिफोर्निया स्वतः या भत्त्यावर कर घेत नाही. राज्याच्या रिटर्नमध्ये ही रक्कम फेडरल उत्पन्नातून वजा दाखवायला विसरू नये.

नोकरी सोडताना कंपनीने सेव्हरन्स दिले असेल, तर तो भत्ता नव्हे, पगारच आहे. ते डब्ल्यू-२ या पगाराच्या वार्षिक फॉर्मवर येते आणि त्यातून सोशल सिक्युरिटी व मेडिकेअर (निवृत्तिवेतन व वृद्धांचा आरोग्य विमा यांच्या वर्गण्या) हेही कापले जाते. बेकारी भत्त्यातून हे दोन्ही कापले जात नाहीत.

आता करापेक्षाही तातडीची गोष्ट. आठवड्याला ११२ डॉलर म्हणजे महिन्याला सुमारे ४८५ डॉलर. आदेश १,४०० चा आहे. म्हणजे दर महिन्याला ९०० डॉलरहून अधिक थकबाकी आपल्या नावावर साचते आहे, आणि कॅलिफोर्नियात अशा थकबाकीवर वर्षाला १० टक्के व्याज चढते. नोकरी गेल्याने आदेश आपोआप कमी होत नाही. १९८६ पासून फेडरल कायद्याने असे ठरवले आहे की देय झालेला प्रत्येक हप्ता हा न्यायालयाच्या निकालासारखा पक्का होतो आणि न्यायाधीशालाही तो मागाहून माफ करता येत नाही. रक्कम कमी होऊ शकते ती आपण अर्ज दाखल केल्यानंतरच्या काळापुरती. आपण ऑगस्टपासून अर्ज केलेला नसेल, तर मधल्या महिन्यांचे काही होणार नाही. पण आज अर्ज दिला तर पुढचे महिने वाचतील. आपल्या काउंटीच्या चाइल्ड सपोर्ट कार्यालयाकडे फेरतपासणी मागता येते, त्याला शुल्क नाही. स्वतः न्यायालयात जायचे असेल तर एफएल-३०० हा अर्ज आहे. मुलीच्या आईशी तोंडी बोलणे झाले आणि तिने ‘सध्या कमी दे’ असे समजूतदारपणे म्हटले, तरी त्यावर विसंबू नये. न्यायालयाने लिहून दिल्याशिवाय आकडा बदलत नाही. नवी नोकरी महिन्याभरात लागेलच या आशेवर लोक अर्ज लांबवतात. आशा जरूर ठेवावी आणि अर्जही द्यावा; नोकरी लागल्यावर तो मागे घेता येतो.

मुलीला रिटर्नवर दाखवण्याचा प्रश्न पैशाने सुटत नाही, रात्रींच्या संख्येने सुटतो. वर्षात ज्या पालकाकडे मुलाने जास्त रात्री काढल्या तो ताबा असलेला पालक. रात्री अगदी समसमान असतील तर ज्याचे उत्पन्न जास्त तो. आपल्या वर्णनावरून तो हक्क आईचा आहे, आपण कितीही चाइल्ड सपोर्ट देत असलात तरी. तिला तो आपल्याला सोडता येतो, परंतु त्यासाठी तिने फॉर्म ८३३२ वर सही करून द्यावा लागतो. २००८ नंतरच्या घटस्फोटांमध्ये न्यायालयाच्या आदेशाची पाने रिटर्नला जोडून भागत नाही. आदेशात एकाआड एक वर्ष लिहिलेले असूनही सही केलेला फॉर्म नसेल, तर आयआरएस (फेडरल आयकर खाते) आईचाच दावा मानेल. आदेश न पाळल्याबद्दलची तक्रार आपल्याला कुटुंब न्यायालयात करावी लागेल.

आणि फॉर्म मिळाला तरी आपल्याकडे काय येते? चाइल्ड टॅक्स क्रेडिट येते. हेड ऑफ हाउसहोल्डचा दर्जा, अर्न्ड इन्कम क्रेडिट आणि पाळणाघराच्या खर्चाची सवलत ही तिन्ही आईकडेच राहतात. या वर्षी आपले उत्पन्न घटलेले आहे. आपल्यावर करच थोडा निघणार असेल तर २,२०० डॉलरच्या या सवलतीपैकी फार तर १,७०० डॉलर परतावा म्हणून मिळू शकतात, तेही कामातून मिळवलेल्या उत्पन्नाच्या प्रमाणात, ज्यात बेकारी भत्ता मोजला जात नाही. मुलीच्या आईची नोकरी चालू असेल तर तिला ही सवलत पूर्ण मिळू शकेल. अशा वर्षी आपली पाळी पुढच्या वर्षावर ढकलून तिला दावा करू द्यावा आणि त्या बदल्यात काय, हे दोघांनी वकिलांमार्फत लेखी ठरवावे, असे मी सुचवीन. दोघांनी एकाच मुलीचा दावा केला तर दोन्ही रिटर्न अडकतात.

आपल्या आदेशात पत्नीच्या पोटगीचीही वेगळी रक्कम असेल, तर तिच्याबद्दलही हेच लक्षात ठेवावे : १ जानेवारी २०१९ पासून झालेल्या घटस्फोटांत फेडरल करासाठी देणाऱ्याला वजावट नाही आणि घेणाऱ्याला कर नाही. त्याआधीच्या आदेशांना जुना, उलटा नियम लागू आहे. जुन्या आदेशात पोटगी व चाइल्ड सपोर्ट दोन्ही असतील आणि वर्षभरात एकूण रक्कम कमी भरली गेली असेल, तर भरलेले पैसे आधी चाइल्ड सपोर्टमध्ये जमा धरले जातात आणि वजावट फक्त उरलेल्या रकमेची मिळते.

प्रश्न : माझ्या पतीचे हे दुसरे लग्न आहे. बेकारीच्या काळातली त्यांची चाइल्ड सपोर्टची थकबाकी आहे. आम्ही दोघांनी मिळून रिटर्न भरले आणि ३,८०० डॉलरचा रिफंड यायचा होता. तो सगळाच्या सगळा थकबाकीत वळता झाल्याचे पत्र आले. त्यातला बराचसा कर माझ्या पगारातून कापलेला होता. हे कायदेशीर आहे का?
— नेपरव्हिल, इलिनॉय

उत्तर : कायदेशीर आहे, परंतु आपला वाटा परत मिळण्याचा मार्गही कायद्यातच आहे. राज्याच्या चाइल्ड सपोर्ट खात्याने कळवल्यावर फेडरल खजिना थकबाकीदाराचा रिफंड अडवतो. सामान्यतः थकबाकी ५०० डॉलरची असली की, आणि मुलाने सरकारी रोख मदत घेतलेली असेल तर १५० डॉलरची असली तरी. संयुक्त रिटर्नमध्ये कोणाचा पगार किती हे त्या वेळी पाहिले जात नाही. ही थकबाकी आपली नाही, म्हणून आपण फॉर्म ८३७९ भरावा. त्यात पगार, कापलेला कर, वजावटी आणि सवलती पतीच्या व आपल्या अशा दोन रकान्यांत वाटायच्या असतात, आणि त्यावरून आयआरएस आपला हिस्सा काढून परत करते. पतीचा बेकारी भत्ता त्यांच्याच रकान्यात जाईल. रिटर्न आधीच भरले असल्याने हा फॉर्म आता एकटाच पाठवता येईल आणि त्याला साधारण आठ आठवडे लागतात. रिटर्नबरोबर पाठवल्यास इलेक्ट्रॉनिक पद्धतीने सुमारे ११ आणि कागदी पद्धतीने १४ आठवडे धरावेत. थकबाकी संपेपर्यंत दर वर्षी तो नव्याने भरावा लागतो, म्हणून पुढच्या वर्षी रिटर्नला आधीच जोडावा. टेक्सास, कॅलिफोर्निया, वॉशिंग्टन यांसारख्या ज्या राज्यांत पती-पत्नीची कमाई सामाईक मानली जाते, तेथे वाटणीचे नियम वेगळे आहेत. इलिनॉय त्यांत नाही.

पती अमेरिकन नागरिक असतील तर त्यांना हेही सांगा की थकबाकी २,५०० डॉलरच्या वर गेली की पासपोर्ट नाकारला जातो. भारतातील आजारी आईवडिलांना भेटायला निघण्याच्या आधल्या आठवड्यात हे कळणे फार क्लेशाचे असते.

प्रश्न : मी एच-१बी व्हिसावर आहे. माझी घटस्फोटित पत्नी आणि मुलगा पुण्यात असतात. मुलगा भारतीय नागरिक आहे. पुण्याच्या कौटुंबिक न्यायालयाच्या आदेशानुसार मी दरमहा पैसे पाठवतो. त्याची येथे वजावट मिळेल का? कंपनीत कपातीची चर्चा आहे. नोकरी गेली तर बेकारी भत्ता मला मिळतो का?
— ह्यूस्टन, टेक्सास

उत्तर : मुलासाठी पाठवलेल्या पैशाची वजावट मिळणार नाही, आदेश पुण्याच्या न्यायालयाचा असल्याने नियम बदलत नाही. मुलाला अवलंबित म्हणूनही दाखवता येणार नाही, कारण त्यासाठी मूल अमेरिकेचे नागरिक किंवा निवासी, नाहीतर कॅनडा वा मेक्सिकोचे निवासी असावे लागते. फॉर्म ८३३२ वर पत्नीने सही दिली तरी ही अट टळत नाही. २०२६ पासून परदेशी पाठवायच्या पैशावर १ टक्का कर सुरू झाला आहे, पण तो रोख रक्कम, मनी ऑर्डर किंवा कॅशिअर्स चेक देऊन पैसे पाठवणाऱ्यांना आहे. आपण येथील बँक खात्यातून पाठवत असाल तर तो लागत नाही, आणि न्यायालयात दाखवायला पुरावाही राहतो.

भारतातील बाजू आपल्या पत्नीने तेथील सनदी लेखापालाकडून तपासून घ्यावी. घटस्फोटित पत्नीला एकरकमी मिळालेली पोटगी भांडवली स्वरूपाची आणि दरमहा मिळणारी उत्पन्न स्वरूपाची, असा भेद मुंबई उच्च न्यायालयाच्या एका जुन्या निर्णयात केलेला आहे, म्हणून आदेशात पत्नीची आणि मुलाची रक्कम वेगवेगळी लिहिलेली असणे आणि आपण ती वेगवेगळी पाठवणे दोघांच्याही हिताचे आहे.

भत्त्याबद्दल : तो मिळण्यासाठी आपण त्या आठवड्यात कायदेशीरपणे काम स्वीकारू शकता, अशी अट असते. एच-१बी एकाच मालकाशी बांधलेला असल्याने नोकरी सुटल्यावर ही अट पूर्ण करणे फार कठीण जाते. ग्रीन कार्ड किंवा स्वतंत्र वर्क परमिट असलेल्यांना ही अडचण नसते. दाव्याच्या अर्जात व्हिसाची स्थिती जशी आहे तशीच लिहावी, कारण चुकीने मिळालेला भत्ता राज्य परत मागते. ज्या वर्षी मिळाला त्याच वर्षी परत केला तर तो उत्पन्नातून वजा होतो. पुढच्या वर्षी परत केला आणि रक्कम ३,००० डॉलर किंवा त्याहून कमी असली, तर आधी भरलेला कर परत मिळवण्याचा मार्ग सध्या नाही. त्याहून जास्त असली तर मिळतो. नोकरी संपल्यापासून आपल्याला अमेरिकेत राहण्यासाठी जास्तीत जास्त ६० दिवसांची मुदत असते, तीही वास्तव्याची मंजूर मुदत आधी संपत नसेल तर, आणि त्या ६० दिवसांत पुण्याचा आदेश चालूच राहतो; म्हणून कपातीचे पत्र हाती पडताच पुण्यातील वकिलाला ते पाठवून रक्कम कमी करण्याचा अर्ज तयार करायला सांगावे.